वाणातली वेल

त्या वेलीचं नाव मी इथे लिहिणार नाही. आधीच सांगून ठेवते, नंतर कुणी विचारू नये. लिहिलं तर उद्या सकाळी नल्लकुंट्यातली निम्मी कुंपणं ओरबाडलेली दिसतील. परवा कुणीतरी तीच पानं वाळवून, कुटून हिरव्या डबीत भरेल आणि डबीवर बारीक कंबरेच्या बाईचं चित्र छापून विकायला बसेल. हे एकदा होऊन गेलंय. त्यात माझा हात होता. माझा संताप अजून उतरलेला नाही आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

लोक मांजरं पाळतात, कुंड्या लावतात. मी पेशी वाढवते. इथल्याच एका प्रयोगशाळेत बावीस वर्षं हेच काम करतेय. लग्न केलं नाही. नल्लकुंट्याच्या आमच्या घरात मी वर राहते आणि खाली माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची. जेवण सगळ्यांचं खाली, एकत्र. मी अंगानं चांगली भरलेली आहे, हेही सांगून टाकते. कारण या गोष्टीत सगळ्यांना सगळ्यांच्या अंगाचीच पडलेली आहे.

चरबीची पेशी जन्मतः चरबीची नसते. आधी ती लांबट, सडपातळ, कशातच नसलेली अशी असते. तिला दोन-तीन औषधांचा ठरलेला खुराक दिला, वर इन्सुलिन दिलं, की आठ-दहा दिवसांत ती गोल होते आणि तिच्या पोटात तेलाचे बारीक थेंब धरू लागतात. मग एक लाल रंग घालायचा. तो फक्त तेलाला धरतो. जितकी चरबी, तितका लाल. आमचा प्रश्न एवढाच होता, की खुराकासोबत एखाद्या झाडपाल्याचा अर्क दिला तर हे थेंब धरायचे थांबतात का? किती पानं, साली, मुळ्या आम्ही वाळवल्या त्याची गणती नाही. बहुतेकींनी काहीही केलं नाही. त्या वेलीनं केलं.

आमची प्लेट सहा कप्प्यांची असते, वर तीन, खाली तीन. पहिल्या कप्प्यात अर्क नव्हता. पुढच्या पाचांत तो चढत्या मात्रेनं घातलेला. पहिला कप्पा कुंकवाच्या करंड्यासारखा लालभडक झाला, दुसरा जरा फिका, तिसरा-चौथा गुलाबी, पाचवा कसाबसा रंगलेला आणि सहावा स्वच्छ, पाण्यासारखा. त्यातले तिसरा आणि चौथा खरे. तिथे पेशी जिवंत होत्या आणि त्यांनी चरबी कमी धरली होती. त्याचा मला आनंद झाला, आजही आहे. पाचव्यात पेशी आजारी होत्या. सहाव्यात त्या मेल्या होत्या, तळापासून सुटल्या होत्या आणि धुताना पाण्याबरोबर निघून गेल्या होत्या. तिथे लाल काही नव्हतं, कारण चरबी धरायला कुणी उरलंच नव्हतं. आमच्या सरांनी लेखात तसं सरळ लिहिलं. शिवाय हे सगळं उंदराच्या पेशींवर, प्लास्टिकच्या प्लेटमध्ये. त्या प्लेटला ना पोट, ना यकृत, ना रक्त. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

आणि तरी मी त्या प्लेटचा फोटो काढला. दिसतच होती तशी सुंदर. दिवाळीनंतरचे दिवस होते. जेवताना मी फोन ताटांवरून सगळ्यांपुढे फिरवला.

"वॉव आत्या, हे काय? मेंदीचे शेड्स?" भाचीनं विचारलं.

"चरबी. ही पहिली, वेलीचा अर्क न घातलेली. आणि हा शेवटचा कप्पा बघ."

"पूरा साफ!"

"साफ," मी म्हणाले.

भावानं चक्क टाळी वाजवली. भावजय हात तसाच खरकटा ठेवून फोनवर वाकली. बावीस वर्षं मी घरी येऊन पेशींबद्दल बोलले की या घरात वरणाची वाटी पुढे सरकवली जायची. त्या दिवशी पहिल्यांदा टाळी मिळाली. अशा वेळी मेलेल्या पेशींचा विषय कोण काढतं? मी नाही काढला. भावजयीनं वेलीचं नाव विचारलं, ते मात्र ऐटीत सांगितलं. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तोही मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

पुढच्या महिन्यात भाचीला बघायला माणसं आली. पुण्याची, मुलाच्या नोकरीमुळे हायटेक सिटीकडे राहायला आलेली. आमची मुलगी तेवीस वर्षांची, दिलसुखनगरच्या क्लासला बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी, तेलुगू आणि दखनी फाडफाड बोलणारी. मराठीत मात्र जरा अडखळते. तिच्या मराठीला ती माणसं गालात हसली, ते मी गिळलं. पण निघताना खुबानीचा मीठा दोनदा मागून घेतलेल्या मुलाच्या आईनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "मुलगी गोड आहे हो. जरा वजन उतरलं की अगदी शोभेल. सावकाश होऊ दे, दोन-तीन महिन्यांनी आपण परत बसू."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वजन उतरेपर्यंत थांबायला ही काय भाजीच्या तराजूपाशी उभी होती? मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावजयीनं माझा हात दाबला. भाची ट्रे घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भाऊ म्हणाला, "माणसं चांगली आहेत, स्पष्ट बोलली." लोकांच्या उद्धटपणाला स्पष्टपणा म्हणायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे.

मग संक्रांत आली. आमच्याकडचं हळदीकुंकू मोठं असतं. नल्लकुंटा, बर्कतपुरा, विद्यानगर, जिथे जिथे जुनी मराठी घरं आहेत तिथल्या बायका येतात. चाळीसेक होतातच. मी त्या दुपारी प्रयोगशाळेत होते, कारण पेशींना सण कळत नाही, त्यांचं पोषण वेळच्या वेळी बदलावं लागतं. संध्याकाळी घरी आले तर शेवटच्या बायका ओटी सावरत उतरत होत्या. परातीत वाणाच्या तीन हिरव्या डब्या उरल्या होत्या. मी एक उचलली. आत पूड. झाकणावर कागदाची चिकटपट्टी, तिच्यावर माझ्या प्लेटचा छोटा फोटो, सहाच्या सहा कप्पे, आणि खाली छापलेलं: आमच्या ताईंच्या लॅबमध्ये तपासलेली वेल.

"हे काय आहे?" माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार.

"तुमच्या वेलीची पूड, ताई," भावजय कौतुकानं म्हणाली. "आबिड्सला एका जडीबुटीवाल्याकडे मिळाली. सगळ्या बायका इतक्या खूश झाल्या! दरवर्षी मेल्या त्या प्लास्टिकच्या डब्या वाटायच्या, त्यापेक्षा उपयोगाचं काहीतरी."

"अगं, मी पूड तपासलेली नाही! प्लेटमधल्या पेशींवर थेंबभर अर्क घातला होता."

"पण वेल तीच ना?"

वेल तीच ना! मी दहा मिनिटं ओरडले, हे खरं. अकराव्या मिनिटाला फोन वाजला. बर्कतपुऱ्याच्या एक बाई म्हणाल्या, "ताई, तुमच्या लॅबचं वाण मिळालं हं. आपल्यातली एक बाई एवढी शिकली, केवढा अभिमान वाटला!" आणि मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. वर मनात असंही आलं, की वाण कोण वापरतं? माझ्याच कपाटात वाणातल्या साबणदाण्यांची चळत आहे. ती पूडही चाळीस घरांत माळ्यावर जाईल. मी तिळगूळ तोंडात टाकला आणि वर निघून गेले.

उरलेल्या तीन डब्यांचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

डबीवर एक चमचा लिहिला होता. भाची दोन घ्यायची, सकाळ-संध्याकाळ, उपाशीपोटी. एकानं गुण येतो तर दोनांनी लवकर येईल, हा हिशेब. डब्या संपल्या तशी ती क्लासवरून परस्पर आबिड्सला उतरून त्यांतच नवीन पूड भरून आणायची. जेवण निम्म्यावर आलं होतं. वजन खरंच उतरायला लागलं. शेजारणी म्हणायच्या, "काय गं, केवढी छान दिसतेस!" मीही म्हणाले होते. दोनदा.

मार्चमध्ये एका सकाळी ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आली. गेले काही दिवस तिला मळमळायचं, अंगाला खाज सुटायची. क्लासबाहेरच्या मिरची भज्यांवर खापर फोडून सगळे मोकळे झाले होते. उन्हात तिनं माझ्याकडे वळून बघितलं आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग मला हळदीसारखा दिसला.

तासाभरात आम्ही इस्पितळात होतो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "दवा कुछ चल रही? गोली, सिरप?"

"नाही हो, औषध काही नाही," भावजय म्हणाली.

"कुछ बी? ताकत का, वजन का?"

"सगळं घरचंच."

मी भाचीकडे बघितलं. ती चादरीकडे बघत होती. औषध विचारलं तर झाडपाला कुणी सांगत नाही. झाडपाला म्हणजे औषध नाही आणि विष तर नाहीच नाही, अशी आपली ठाम समजूत. कण्हेर निसर्गातच उगवते. धोतराही. पण हिरव्या डबीत घातलं की सगळं गाईचं दूध! मी तिची पिशवी ओढली. क्लासच्या पुस्तकांखाली अर्धी डबी सापडली. ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी झाकणावरचा फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. यकृताचा अहवाल आला तेव्हा म्हणाले, की तीन-चार दिवस बघावं लागेल. सावरलं तर सावरेल, नाही तर मोठ्या इस्पितळात हलवायचं. तोपर्यंत काही सांगता येत नाही.

बाहेरच्या बाकावर मी भावजयीला नको नको ते बोलले. अडाणी म्हणाले. लेकीपेक्षा स्थळ मोठं झालं का, असंही म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदरानं नाक पुसून हळू आवाजात बोलली, "ताई, तुमच्या लॅबची म्हणून आणली मी. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर घरात घेतली नसती."

उत्तर नसलं की मला अजून राग येतो. मी रिक्षा केली आणि तशीच आबिड्सला गेले.

दुकान एका गल्लीत होतं, दारात गोणी, आत बरण्या. मी डबी आपटली आणि सांगितलं, की माझी भाची हे खाऊन इस्पितळात पडलीय, विकणं बंद करा.

"अम्मा, कुदरती चीज है," तो अजिबात न रागावता म्हणाला. "नुकसान कायकू करती? कोई जास्ती खाया तो मैं क्या करूं?"

"तुम्ही हे कधी तपासलं आहे?"

"मैं कायकू? लॅबवाले करे ना चेक. ये देखो." त्यानं गल्ल्यामागच्या काचेकडे बोट केलं.

तिथे माझी प्लेट होती. वहीच्या पानाएवढी, रंगीत, सहा कप्पे. आमच्याकडच्याच कुणा बाईनं वाणाची डबी दाखवून पुन्हा पूड मागितली होती, त्यावरून त्यानं फोटो मोठा करून घेतला होता. सहाव्या कप्प्याभोवती त्यानं पेनानं गोल काढला होता. मी हात घालून तो कागद फाडला. तो ओरडला, दोन गिऱ्हाइकं बघत राहिली, मी कागदाचे तुकडे पर्समध्ये कोंबले आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी त्यानं नवीन लावला असणार, याबद्दल मला शंका नाही.

चौथ्या दिवशी भाचीचे यकृताचे आकडे उतरायला लागले. डॉक्टर म्हणाले, सावरतंय. त्या दुपारी तिच्यापाशी मी एकटी होते. तिनं फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर काहीतरी पांढुरकं, गोल.

"ओळखलंस, आत्या?"

मी ओळखलं. सहावा कप्पा, मोठा करून लावलेला.

"भूक लागली की मी हा बघायची," ती म्हणाली. "क्लासमध्ये बी. मैत्रिणी बिर्याणी मागवायच्या आणि मी हा बघायची. पूरा साफ. असं व्हायचं होतं मला."

तेव्हा मी सांगितलं. त्यात पेशी मेल्या होत्या. धुतल्या पाण्यात वाहून गेल्या. तिथे काहीच नाही, म्हणून ते साफ दिसतं.

तिनं फोन चादरीवर पालथा ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी का नाही बोललीस?"

"सगळे टाळ्या वाजवत होते."

"हौ," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

दिलेलं वाण परत मागत नाहीत. आमच्या चार पिढ्यांत कुणी मागितलेलं नाही. मी मागितलं. भावजयीकडून चाळीस घरांची यादी करून घेतली आणि कापडी पिशवी घेऊन आठवडाभर दारोदार फिरले. भावजय दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी चपला घालून माझ्याबरोबर निघाली. काही घरांत डबी माळ्यावर होती, तशीच्या तशी, आणि मी मनात त्या माळ्यांना नमस्कार केला. काही घरांत ती संपलेली होती. तिथे मी डोळे दाखवा म्हणायचे, डॉक्टरांकडे जाऊन या म्हणायचे. एका बाईंनी तोंडावर सांगितलं, की वाण परत नेणं अशुभ असतं, तुमच्या घरावर येईल. येऊन गेलंय, मी म्हणाले. अभिमान वाटला म्हणणाऱ्या त्या बर्कतपुऱ्याच्या बाईंनी डबी दिली नाही. "माझं चार किलो उतरलंय, ताई. तुम्ही शिकलेल्या माणसांनी असं मागे फिरून कसं चालेल?" त्यांच्या दारात मी पाऊण तास उभी राहिले. शेवटी त्यांच्या सुनेनं आतून डबी आणून माझ्या पिशवीत टाकली. एकोणतीस परत आल्या. बाकीच्यांचं मी काहीही करू शकले नाही.

भाची घरी आली तेव्हा एप्रिलचं ऊन होतं. गाल आत गेलेले, गळ्याची हाडं वर आलेली, डोळ्यांत अजून पिवळटपणा. दुपारी ती पलंगावर बसून मऊ भात आणि पातळ ताक जेवत होती. मी आणि भावजय समोर. भावजयीचा फोन वाजला. मुलाची आई होती. भावजयीचे हात माखलेले, म्हणून तिनं कोपरानं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"अहो, कळलं हो, मुलगी आजारी होती. बरी आहे ना आता? आमच्या ओळखीच्या एकींनी पाहिलं म्हणे तिला इस्पितळातून येताना. केवढी बारीक झालीय म्हणाल्या! म्हटलं, चला, वाइटातून चांगलं. एक नवीन फोटो पाठवा ना. आपण परत बसू."

वाइटातून चांगलं! माझ्या जिभेवर काय काय आलं ते छापता येणार नाही. मी फोनकडे हात नेला. पण भाचीनं ताट बाजूला ठेवून आपला फोन उचलला, आईच्या फोनवरून नंबर पाहिला, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाली, "पाठवला, काकू. बघा."

पलीकडून आवाज आला, "अगं, हे काय पांढरं गोल पाठवलंस? यात तर कुणीच दिसत नाही."

"हौ, काकू," ती म्हणाली. "बारीक होता होता कुणी उरलंच नाही त्यात."

तिनं आईचा फोनही बंद केला आणि ताट पुन्हा मांडीवर घेतलं. भावजय रडत होती. मी कुणाकडे न बघता खिडकीकडे बघत होते.

"आई, अजून भात वाढ," भाची म्हणाली. "जास्त वाढ."

भावजयीनं डोळे पुसले आणि वाढला. तूप डॉक्टरांनी बंद केलं होतं, म्हणून नुसताच.